नानाच्या कामांची यादी

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं आमच्याकडे पारावर बसलेला कुणीही छातीठोकपणे सांगतो. काही जण तर त्याच्याही पुढे जातात. जेलमध्ये दिवस वेगळा आणि रात्र वेगळी धरतात, म्हणजे सातच वर्षं झाली, असा त्यांचा हिशोब. माझ्या मोठ्या भावाला, नानाला, अमळनेरच्या सत्र न्यायालयात जन्मठेप झाली त्या संध्याकाळी घरी आलेल्या निम्म्या माणसांनी मायला हाच हिशोब ऐकवला. माय नुसती मान हलवत होती. वहिनी चुलीपुढे होती. ती वळली नाही, पण ऐकत होती, आणि त्या दिवसापासून ती मोजायला लागली.

त्यातलं काहीच खरं नव्हतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कायद्याने जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगून ठेवलंय, की माफीचे दिवस, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून वजा धरले जाणारे दिवस, कितीही साठले तरी सरकारने शिक्षा कमी करण्याचा आदेश काढल्याशिवाय जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटत नाही. १४ चा आकडा आला तो १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या ४३३-अ कलमातून. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष १४ वर्षं भोगल्याशिवाय सोडता येत नाही, असं ते कलम म्हणतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आहे. म्हणजे चौदाच्या आधी सुटका नाही, एवढंच. चौदानंतर ती होईलच, असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्या राज्यात गुन्ह्याचं स्वरूप बघून कैद्यांची वर्गवारी होते आणि माफी धरून कुणाला वीस, कुणाला बावीस, चोवीस, कुणाला त्याहूनही जास्त वर्षं ठरतात. हे सगळं मला नानाकडूनच कळलं. तो आता या विषयात कुणालाही समजावून सांगू शकतो.

नानाने काय केलं ते मी झाकणार नाही. विहीर सामाईक होती, आमची आणि चुलत भावाची. २००८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. शेतातली लाइट रात्रीची, पाण्याची पाळी कुणाची यावरून आधीच आठवडाभर धुसफूस चाललेली. त्या रात्री दोघंच होते. पाटाचं बारं कुणी फोडलं, शिवी कुणी आधी दिली, हे कोर्टात दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं गेलं. नानाच्या हातात फावडं होतं. चुलत भाऊ जागीच गेला. त्याच्यामागे बायको होती, दोन मुली होत्या, आणि माझ्या मायची सख्खी जाऊ होती. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीची. ती भिंत आजही सामाईकच आहे.

नाना आधी जळगावच्या जेलमध्ये कच्चा कैदी होता, शिक्षा लागल्यावर पक्का होऊन नाशिकरोडला गेला. अमळनेरहून जळगाव, तिथून गाडी बदलून पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड करत नाशिकरोड. उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘जेलरोड’ म्हणायचं. तिथे शाळा, दवाखाने, मिठाईची दुकानं, सगळ्यांच्या पाट्यांवर जेलरोड लिहिलेलं असतं आणि तिथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. मायला मात्र प्रत्येक पाटी वाचून दाखवली की ती पदर तोंडाला लावायची, म्हणून मी वाचायचंच बंद केलं.

मुलाखतीत मधे काच आणि हातात फोन. मायला एका कानाने कमी ऐकू येतं आणि ती नेमका तोच कान फोनला लावायची. ‘कसा शे रे?’ ‘बरा शे, माय.’ एवढंच बराच वेळ चालायचं. मग मी फोन घेऊन म्हणायचे, नाना, धीर सोडू नको, अपील आहे अजून. औरंगाबादच्या खंडपीठात अपील होतं. वकील म्हणाले होते की रागाच्या भरात घडलं हे दाखवता आलं तर कलम बदलू शकतं, शिक्षा दहा वर्षांच्या आत येऊ शकते. आम्ही त्या एका वाक्यावर काही वर्षं काढली.

त्या काळातली नानाची पत्रं मी सगळी ठेवलीयेत. पंधरा पैशांच्या जमान्यापासून आमच्या घरात पोस्टकार्डाची सवय, आता ते पन्नास पैशांना मिळतं. कार्डावर जेलचा शिक्का, आणि खाली नानाचं तिरकं अक्षर. प्रत्येक कार्डात तोच मजकूर. वकिलाला भेटलात का? सुनावणीच्या बोर्डावर नंबर कधी लागतो? फलाण्याचं अपील मंजूर झालं, मग माझं का नाही? शेताबद्दल एक शब्द नाही, पोराबद्दल नाही. तो जिथे होता तिथे नव्हताच. जेलच्या बराकीत फक्त त्याचं शरीर झोपत होतं आणि तो स्वतः खंडपीठाच्या बोर्डापुढे उभा होता.

२०१५ साली अपील फेटाळलं. त्यानंतर बराच काळ कार्डच आलं नाही. मग एक आलं, त्यात लिहिलं होतं: माझी वाट बघू नका, जमीन पोराच्या नावावर करा, मुलाखतीला येऊ नका, भाडं वाचेल. मी ते कार्ड मायला वाचून दाखवलं नाही. वहिनीला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘जमीन पोराच्या नावावर करायची तर मुखत्यारपत्रावर यांची सही लागेल. सही घ्यायला तरी जावंच लागेल ना?’ आणि आम्ही गेलो. विकास सोसायटीचं कर्ज, कापसाची विक्री, पोराच्या शाळेचे दाखले, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. तिच्याकडे हताश व्हायला वेळ नव्हता, आणि आता मागे वळून बघताना मला वाटतं की नानाला लागणारी गोष्ट त्या दिवशी तिच्याजवळ होती आणि त्याच्याजवळ नव्हती.

आशा धर, आशा धर, असं आम्ही सगळेच त्याला सांगत आलो. पण आम्ही त्याला जी आशा देत होतो ती एका तारखेची होती. आमच्याकडे काही शेतकरी मृगाच्या भरवशावर कोरड्या मातीत कापूस टोबून टाकतात, धूळपेरणी म्हणतात तिला. पाऊस वेळेवर आला तर पीक आठवडाभर पुढे असतं, नाही आला तर बियाणंही जातं. लांब शिक्षेच्या माणसाला तारखेची आशा देणं तसंच आहे. आणि ती धूळपेरणी आम्ही त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली, प्रेमापोटी.

त्या रिकाम्या काळात त्याने जेलच्या ग्रंथालयातून विनोबांची ‘गीता प्रवचने’ आणली. धार्मिक वृत्तीचा तो कधीच नव्हता. पातळ होतं म्हणून घेतलं, असं त्याने लिहिलं. पण पुढच्या कार्डात चार ओळी होत्या: ‘ताई, हे पुस्तक धुळ्याच्या जेलमध्ये बोललेलं आहे. साने गुरुजींनी लिहून घेतलंय. तुला माहीत होतं का?’

मला माहीत होतं. अमळनेरात वाढलेल्या माणसाला साने गुरुजी वेगळे सांगावे लागत नाहीत. १९२४ ते १९३० ते आमच्या गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं काढत होते. नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाही होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली आणि दर रविवारी एक अध्याय, असं करत १९ जूनला अठरावा संपवला. समोर बसलेल्यांत जमनालाल बजाज यांच्यासारखी मोठी माणसं होती. गुरुजी त्यांच्यात बसून भराभर लिहीत होते. त्यांनी लिहून घेतलं नसतं तर ते अठरा रविवार धुळ्याच्या भिंतींच्या आतच राहिले असते. पुढच्या वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, याच गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली.

नानाने मला उलट लिहिलं, ‘ते देशासाठी आत गेले होते. मी माझ्या रागासाठी आलोय. त्यांची आणि माझी बरोबरी कुठे?’ त्याचं म्हणणं रास्त होतं. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस आत जाताना आपलं कारण बरोबर घेऊन जातो. बाहेर त्याच्या नावाचा जयजयकार चाललेला असतो. खून करून आत गेलेल्याजवळ असं काही नसतं. त्याने आत येताना जे आणलंय ते आयुष्यभर बघत बसावं असं नाही. तुरुंगवासावर बोलताना आपण टिळकांचं मंडाले आणि गुरुजींचं नाशिक सांगतो आणि साध्या कैद्याने त्यातून स्फूर्ती घ्यावी अशी अपेक्षा करतो. ती अपेक्षा मला त्या दिवसापासून अन्यायाची वाटते.

पण एक गोष्ट मी त्याला लिहिली. विनोबांकडे नको बघूस, म्हटलं, गुरुजींकडे बघ. तो माणूस स्वतः लेखक, कवी, शिक्षक. तरी त्या रविवारी त्याने काय केलं? दुसऱ्याचं बोलणं मन लावून ऐकलं आणि ते वाया जाऊ दिलं नाही. नानाने त्यावर काहीच उत्तर दिलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी जेलमधल्या विधी सेवा केंद्रात स्वयंसेवक हवे होते. कोठडीतल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न न बघता, फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. पण तो हक्क कैद्यापर्यंत पोचवायला मधे माणूस लागतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत अशा स्वयंसेवकांमध्ये शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी यांच्याबरोबर लांब शिक्षा भोगणारे, वागणूक चांगली असलेले, लिहिता-वाचता येणारे कैदीही घेता येतात. नानाने नाव दिलं. का दिलं, विचारल्यावर म्हणाला, ‘टेबल-खुर्ची मिळते. बराकीत दिवसभर बसण्यापेक्षा बरं.’ मला या उत्तरावर विश्वास आहे. मोठ्या गोष्टी अशाच लहान कारणाने सुरू होतात, निदान आमच्या घरात.

आणि मग त्याला त्याची जुनी भाषा उपयोगी पडली. आमच्या शेतात कापूस वेचायला सातपुड्यातून पावरा आदिवासी मजूर येत. दिवाळीपासून पुढे काही आठवडे त्यांची कुटुंबं खळ्यावरच राहत. लहानपणापासून त्यांच्या पोरांबरोबर खेळल्यामुळे नानाला पावरी बऱ्यापैकी कळते, भिलाऊ त्याहून जास्त. नाशिकच्या जेलमध्ये डोंगरातून आलेले असे कितीतरी कैदी होते ज्यांचं बोलणं ना वकिलाला कळत होतं, ना त्यांना वकिलाचं. त्यांना मराठी कळत नाही असं कुणी धरलंच नव्हतं, कारण ते प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत होते. नाना त्यांच्यामध्ये बसला. तो त्यांच्याकडून ऐकायचा आणि मराठीत लिहून काढायचा: कधी पकडलं, कुठल्या कोर्टात नेलं, वकील आहे का, घरी कुणाला कळवलंय का. ज्यांनी आरोपाच्या कमाल शिक्षेच्या अर्ध्याहून जास्त काळ कच्च्या कैदेतच काढला होता त्यांना तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३६-अ कलमाखाली जामिनाचा अर्ज करता यायचा, हे तो स्वतः आधी शिकला आणि मग एकेकाला सांगत सुटला. फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्याला ते लागू नव्हतं, हेही सांगावं लागायचं, आणि ते सांगणं त्याला सगळ्यात जड जायचं.

कार्डांतला मजकूर बदलला तो तेव्हापासून. ‘वकिलाला भेटलात का’ गेलं. त्याच्या जागी याद्या यायला लागल्या. एक, चोपड्याच्या अमुक गावच्या ग्रामसेवकाचा नंबर काढ. दोन, रेशन कार्डावर नाव नसेल तर नात्याचा दुसरा कुठला पुरावा चालतो ते विचार. तीन, अहिराणी-मराठी शब्दांचं काही छापलेलं मिळतं का बघ. चार, पोराचा गणिताचा पेपर कसा गेला? पोराचं नाव पहिल्यांदा आलं ते या यादीत, चौथ्या नंबरवर. वहिनी ते कार्ड कितीतरी दिवस तांदळाच्या डब्याखाली ठेवून होती.

एका यादीत एका पावरा कैद्याचं गाव होतं. शिक्षा लागून काही वर्षं झालेली, एकही मुलाखत नाही, एकही पत्र नाही. घरचे मेले असतील असं तो धरून चालला होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शिक्षकांची एक बिनतारी यंत्रणा असते, कुणाचा तरी मेहुणा कुठल्या तरी आश्रमशाळेत असतोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत चोपड्याहून काळी-पिवळीने पायथ्यापर्यंत गेले, पुढे एका शिक्षकाच्या मोटरसायकलवर पाड्यापर्यंत. त्याची आई जिवंत होती. ती मोहाची फुलं वाळवत बसली होती. मुलगा नाशिकला आहे, जिवंत आहे, असं सांगितल्यावर तिने आधी विश्वासच ठेवला नाही. पोलिसांनी नेलेलं पोरगं इतकी वर्षं आलं नाही, म्हणजे संपलं, असं धरून तिने त्याचे सगळे विधी करून टाकले होते.

तिला नाशिकला न्यायचं म्हणजे आधार कार्ड लागणार, ते होतं. रेशन कार्डावर मुलाचं नाव कापलेलं होतं, कारण मेलेल्या माणसाचं धान्य मिळत नाही. त्यासाठी सरपंचाचा दाखला, त्यावर शिक्का, त्याची झेरॉक्स. गाडीत ती खिडकीशी बसली आणि मनमाड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मुलासाठी भाजलेल्या मक्याची पुरचुंडी आणली होती, ती दारावरच ठेवावी लागली, आत बाहेरचं खाणं चालत नाही. काचेपलीकडे तो आला. तिने फोन कसा धरायचा ते मी दाखवलं, पण तिने तो कानाला लावायच्या आधी काचेवर जोरात थाप मारली, आणि मग दुसरी. हवालदार पुढे आले, बघितलं आणि मागे सरकले. मग ती बोलायला लागली आणि वेळ संपेपर्यंत थांबली नाही. तिचं एक वाक्यही मला कळलं नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं ते मात्र कळलं: पुन्हा कधी?

त्या रात्री गाडीत मला झोप नव्हती. नाना त्या मुलाखतीला हजर नव्हता. त्याने हे बघितलं नाही, बघणारही नव्हता. पण पुढच्या कार्डात त्याने लिहिलं की तो पोरगा आता सुतारकामाला जातो आणि रात्री जेवतो. ‘आधी जेवत नव्हता’, एवढंच पुढे. आणि खाली नवी यादी.

नाना संत झाला, असं मला सांगायचं नाही. तो चिडतो. बराकीतल्या गर्दीबद्दल, आजारी पडल्यावर होणाऱ्या उशिराबद्दल तक्रार करतो. करोनात २०२० साली मुलाखती बंद झाल्या तेव्हा व्हिडिओ कॉलवर तो आमच्यावरच ओरडला होता, कारण मायचा चेहरा पडद्यावर अर्धाच दिसत होता. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन तो आत राहून बी.ए. झाला, त्यातही एका विषयात दोनदा नापास झाला आणि तेव्हाही आमच्याशी नीट बोलला नाही. मला हे सगळं आवडतं. निकालावरून चिडणारा माणूस जिवंत असतो. ‘माझी वाट बघू नका’ लिहिणारा नाना चिडत नव्हता.

पण एक गोष्ट आहे जिच्यापुढे माझं हे सगळं लिहिणं अडखळतं. मधे एका वर्षी त्याला संचित रजा मिळाली, फर्लो म्हणतात ती, आणि ती नेमकी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आली. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणीचा सण. झाडांना झोके, गौराई, आंब्याचा रस, पुरणाच्या पोळ्या. लग्नानंतर दर आखाजीला नानाच मुऱ्हाळी म्हणून मला घ्यायला यायचा. तो जेलमध्ये गेल्यापासून मी एकटीच येत होते. त्या वर्षी तो घरी होता. रोज पोलीस ठाण्यात जाऊन सही करायची, बाकी घराबाहेर पडायचं नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलेलं.

पण आखाजी पितरांचीही असते. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. भिंतीपलीकडे चुलत भावाच्या नावाची घागर भरली जात होती. काकूचा आवाज ऐकू येत होता, मुलींचा येत होता. नाना ताटावर बसला होता, तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. मीही जेवले नाही. त्या दिवशी मला जे वाटलं ते आजही वाटतं: नानाच्या आयुष्यात पुन्हा काही उगवलं याचा मला आनंद आहे, तो मी लपवत नाही, पण त्या आनंदाने भिंतीपलीकडचं काहीही भरून निघत नाही. त्या घराला कुठली माफी लागत नाही, तिथे वर्गवारी होत नाही. नानाने जेलमधल्या मजुरीतून साठलेले पैसे त्या मुलींच्या शिक्षणासाठी माझ्या हाती पाठवले होते. चुलत वहिनीने पाकीट न उघडता परत दिलं. ती रागावली नाही, नुसतं ‘नको’ म्हणाली. मला ते बरोबर वाटलं. नानालाही वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही. आपल्याला काही चांगलं करायचंय म्हणून समोरच्याने ते घेतलंच पाहिजे, असा हक्क आपल्याला नसतो, त्यालाही नाही.

२०२३ साली त्याचं प्रपोजल गेलं. १४ वर्षं प्रत्यक्ष भोगून झाली की मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव तयार होतो. पोलिसांचा अहवाल, कोर्टाचं मत, जेलमधली वागणूक, सगळं जोडून तो वर जातो. मी कितीही समजावलं असलं तरी वहिनीची मोजणी सुरूच होती, घराला रंगही देऊन झाला होता. आदेश आला तो आणखी काही वर्षांचा. वर्गवारीत तो जिथे बसला त्याप्रमाणे माफी धरूनही त्याला अजून थांबायचं होतं.

मी घाबरले होते. २०१५ चं कार्ड माझ्या डोळ्यांपुढे होतं. या वेळीही कार्ड उशिराच आलं. उघडलं तर वर दोन ओळी: ‘आदेश मिळाला असेल. वहिनीला सांग, रंग वाया जात नाही, पोराच्या लग्नात कामाला येईल.’ आणि खाली एक ते सहा यादी. मी ती वहिनीला वाचून दाखवली. ती आधी रडली, मग तिने विचारलं, ‘तिसऱ्या नंबरचं काय म्हणताय ते, मला नीट सांगा.’ तारीख पुन्हा लांब गेली होती, पण या वेळी तारखेबरोबर सगळंच गेलं नव्हतं. मधल्या वर्षांत त्याने स्वतःभोवती इतकी कामं गोळा केली होती की त्यातून उठून निराश व्हायला जाणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या नंबरचं काम मी अजून करतेय. शिरपूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा आहे, जन्मठेप झालेला. घटना घडली तेव्हा तो आश्रमशाळेत नववीत होता, असं तो सांगतो. खटल्यात हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे गुन्ह्याच्या वेळी आपण अठराच्या आतले होतो, हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा कायम झाल्यावरही मांडता येतो. वय ठरवताना कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तेव्हाच हाडांची तपासणी. दहावीपर्यंत तो पोचलाच नाही. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते शाळेच्या जनरल रजिस्टरवर.

आणि जनरल रजिस्टर म्हणजे माझा रोजचा विषय. आपल्याकडे पाड्यावरची, तांड्यावरची किती मुलं १ जूनला जन्मलेली असतात ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. पालकांना तारीख सांगता येत नाही, प्रवेशाला वय पूर्ण दाखवायचं असतं, मग १ जून लिहिलं जातं. या मुलाचीही १ जूनच आहे. त्या नोंदीप्रमाणे घटनेच्या दिवशी तो अठराच्या आत येतो, काही आठवड्यांनीच. सरकारी वकील विचारणार, ही खरी तारीख कशावरून? म्हणून पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज हवा, हजेरीपट हवा, त्याच्याबरोबर शिकलेल्या मुलांच्या नोंदी हव्यात, अंगणवाडीच्या नोंदीत काही सापडलं तर तेही हवं. नानाने हे सगळं क्रमाने लिहिलंय, आणि शेवटी कंसात: ‘रजिस्टरचं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघ, नुसत्या दाखल्यावर जाऊ नको.’

मुख्याध्यापकांना भेटून आले. माणूस चांगला आहे. जुनी रजिस्टरं पेटीत आहेत म्हणाले, पावसात काहींना ओल लागलीये, पण त्या वर्षाचं शाबूत असावं. उतारा द्यायला त्यांना विधी सेवा प्राधिकरणाचं पत्र लागेल, ते मी मागितलंय. ते आलं की सोमवारी शिरपूरची पहिली गाडी धरायची. त्याआधी यादीतला पाचवा नंबर उरकायचाय, एका कैद्याच्या बायकोला बँकेत खातं उघडून द्यायचंय. आणि सहावा वहिनीला विचारायचाय: विहिरीच्या वरच्या तुकड्यात यंदा कापूसच लावायचा की मका घ्यायचा, नाना म्हणतो मका घ्या, ती म्हणते इथे येऊन जमीन बघा आणि मग सांगा.